अर्धी यासीन

यंदा गुऱ्हाळं उशिरा लागली. दिवाळी होऊन पंधरवडा उलटला तरी सकाळी दार उघडलं की नुसती थंडी आत यायची. परवा मात्र कडी काढली आणि तो वास आला. उकळत्या रसाचा, जळत्या चिपाडांचा, किंचित करपलेल्या काकवीचा. गावाबाहेरच्या कुठल्या तरी मळ्यात गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलं होतं. मी चहाचा कप तसाच उंबऱ्यावर ठेवला आणि उभा राहिलो. बायको आतून म्हणाली, "आला वाटतं तुमचा वास." तिला सवय झाली आहे. या दिवसांत मी आठवडाभर कमी बोलतो, आणि एका शुक्रवारी जुनी वही पिशवीत घालून गडमुडशिंगीला जाऊन येतो, एवढं तिला माहीत आहे.

ती वही माझ्या लाकडी पेटीत तळाशी असते. शाळेत इंग्रजी अक्षर वळवायला मिळायची तसली, चार चार रेघांची. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झालेत. पहिल्या पानावर माझं नाव वळणदार इंग्रजी अक्षरांत आहे. खाली शेपट्या काढल्या आहेत, मॅट्रिकच्या वर्गातल्या पोराला काढाव्याशा वाटतात तशा. आणि आत, त्याच इंग्रजी अक्षरांत, अरबी आहे. यासीन.

यासीन म्हणजे कुराणातला एक अध्याय. आमच्यात माणूस जायला लागला की त्याच्या उशाशी ती वाचतात, जीव सुटताना त्रास होऊ नये म्हणून. त्यामुळे तिचं नाव घरात सहसा कोणी मोठ्याने घेत नाही. 'यासीन वाचायला बसलेत' असं कोणी सांगत आलं, की ऐकणाऱ्याने पुढे काही विचारायचं नसतं.

आमच्या मुडशिंगीत तेव्हा मुसलमानांची घरं थोडीच होती आणि त्यातल्या एकालाही अरबी वाचता येत नव्हतं. मुलाण्याला बकरं कापताना म्हणायचं आणि निकाहात म्हणायचं तेवढं तोंडपाठ होतं. यासीनसाठी कोल्हापुरातून माणूस आणावा लागे. माझे आजोबा गेले तेव्हा असाच माणूस आणायला पाठवला होता. वाटेवरच्या ओढ्याला पूर होता. तो येईपर्यंत आजोबांना माती देऊन लोक हातपाय धूत होते. ही गोष्ट माझ्या वडिलांनी, अब्बांनी, मला इतक्या वेळा सांगितली होती की तो वेळेवर न आलेला माणूस, त्याची ओली पायताणं, सगळं मी स्वतः पाहिल्यासारखं मला आठवतं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

अब्बा पिंजारी होते. थंडीची चाहूल लागली की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. खांद्यावर माणसाएवढी कमान, हातात लाकडी मोगरी, आणि गावोगाव. लोक जुन्या गाद्या, उशा, पांघरायचे लेप उसवून ठेवायचे. अब्बा अंगणात बसायचे, कमानीची ताणलेली तात कापसात धरायचे आणि मोगरीने ठोका द्यायचे. ट्वँय, ट्वँय, ट्वँय. घट्ट झालेला कापूस उडून पुन्हा हलका व्हायचा. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर कापूस असायचा. लहानपणी मला वाटायचं, माझे अब्बा रोज म्हातारे होऊन येतात आणि अम्मा पाणी देते तेव्हा परत तरणे होतात.

अक्षराशी त्यांची ओळख नव्हती. मोडी, बालबोध, उर्दू, सगळं त्यांना सारखंच. पण मी चौथीत पहिला आलो तेव्हा मास्तरांनी त्यांना बोलावून सांगितलं, की महाराजांनी कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढलंय, जेवण-राहणं फुकट, फी माफ, पोराला पाठव. अब्बांनी कमान भिंतीला टेकवली आणि त्याच दिवशी मला घेऊन चालत कोल्हापूर गाठलं. मी आज जो काही आहे तो त्या एका दिवसाचा आहे. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला, मॅट्रिक झालेला पहिला, बी. ए. झालेला पहिला. त्या महाराजांना मी दोनदाच पाहिलं, तेही लांबून. पण आजही ताटावर बसताना एखादे वेळी त्यांची आठवण येते, कारण वाढत्या वयात जे पोटात गेलं ते त्यांनी घातलेलं होतं.

बोर्डिंगमध्ये नमाज शिकवत, अरबी अक्षरंही शिकवत. पण इंग्रजी शाळेत मी मागे होतो. खेड्यातून आलेला, त्यामुळे अरबीच्या तासाला मी कोपऱ्यात बसून इंग्रजी शब्द घोकायचो. कोणी रागावलं नाही. मग बोर्डिंगच्या कपाटात मला एक छोटं पुस्तक सापडलं. परदेशात व्यापार करणाऱ्या कुणा गृहस्थाने धाडलेलं. त्यात नमाजेतलं अरबी इंग्रजी अक्षरांत छापलं होतं. आवाज लांबवायचा तिथे अक्षरावर आडवी रेघ, घशातून काढायचा तिथे अक्षराखाली टिंब. मला फार आनंद झाला. अरबी अक्षरं शिकण्याचे कष्ट वाचले, आणि शिवाय ते इंग्रजी होतं. खरं सांगायचं तर त्या वयात इंग्रजी अक्षर दिसलं की माझी मान आपोआप ताठ व्हायची.

मॅट्रिकच्या वर्षी गुऱ्हाळं लागली तेव्हाची गोष्ट. एका रविवारी मी घरी गेलो तर अब्बा दुपारच्या वेळी अंगणात उन्हात बसले होते आणि कमान खुंटीला होती. ऐन हंगामात कमान खुंटीला मी कधी पाहिली नव्हती. खोकला त्यांना आधीपासून होता. पिंजाऱ्याच्या छातीत कापूस जातो, ते आमच्यात नवीन नाही. पण त्या दिवशी ते दोन शब्दांमध्ये थांबत होते. अम्मा चुलीपाशी पाठमोरी बसून राहिली, माझ्याकडे बघेना. शाळेचं विचारून झालं, बोर्डिंगच्या आमटीचं विचारून झालं. मग अब्बा म्हणाले, "मौला, तू आता यासीन शीक."

मला कळलं. आमच्यात एवढ्यावर कळतं.

मग म्हणाले, "माज्या बाच्या येळंला मानूस आणायला लागला हुता. माजं घरातच हाय."

त्यांना वाटायचं, एवढी वर्षं कोल्हापुरात शिकणाऱ्या पोराला अरबी येत असणारच. मला येत नाही असं मी त्यांना सांगू शकलो नाही. "शिकतो," म्हटलं.

बाजाराजवळच्या एका मशिदीत एक हाफिजसाहेब असत. अख्खं कुराण मुखोद्गत. लहानपणी देवी येऊन त्यांचे डोळे गेले होते, त्यामुळे त्यांनी सगळं कानांनीच घेतलं होतं. मी त्यांच्याकडे गेलो, यासीन इंग्रजी अक्षरांत वहीत उतरवून घेतो म्हणून सांगितलं. पायरीवर एक म्हातारे अत्तर विकणारे बसत. ते मध्येच म्हणाले, की अल्लाचं नाव साहेबाच्या अक्षरात लिहिणार, मग उद्या नमाजही टोपी काढून पढा. आजूबाजूचे हसले. हाफिजसाहेब शांतपणे म्हणाले, "मला तर कुठलंच अक्षर दिसत नाही. मला कानानं मिळालं, याला हातानं मिळू दे."

त्यांची शिकवायची रीत अजब होती. पहाटेच्या नमाजेनंतर उजाडलं की मी त्यांच्याजवळ बसायचो. ते एक ओळ म्हणायचे आणि दोन बोटं माझ्या लिहित्या मनगटावर ठेवायचे. मनगट थांबलं की लिहून झालं. मग पुढची ओळ. चार-पाच ओळी झाल्या की मी त्या वाचून दाखवायच्या. चुकलो तर ते बोलत नसत, मनगट दाबत. त्या थंडीत त्यांची बोटं गार असायची. आजही एखादा शब्द घशाऐवजी टाळूवर गेला तर माझ्या मनगटावर गारवा येतो.

महिनाभरात निम्मी यासीन वहीत आली. शाळा, अभ्यास, आणि हे. रविवारी वही घेऊन गावाकडे निघालो. अब्बा घरात नव्हते. आमच्या शेजारचे दत्तूआप्पा, ज्यांच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं, ते त्यांना रोज गाडीत घालून तिकडे नेत. चुलवाणाजवळची ऊब छातीला बरी, असं दोघांचं ठरलं होतं. रस उकळायच्या काहिलीतून वाफ निघत होती. अब्बा स्वतः भरलेल्या लेपात गुंडाळून चिपाडांच्या ढिगाला टेकून बसले होते. गुळव्या फावड्याने रस ढवळत होता. दत्तूआप्पांनी मला लांबूनच हाक मारली, "या की इंग्रजी काजी. तुजा बा सकाळधरनं वाट बघतोय."

मी वही उघडली आणि म्हणू लागलो.   दत्तूआप्पांनी गुळव्याला खुणेनं गप्प केलं, डोक्यावरचा पटका सारखा केला आणि जमिनीवर बसले. अब्बांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, लेपावर त्यांचं एक बोट हलतंय. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक ठोका. कमानीच्या तातेवर मोगरी पडावी तसा.

मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "झाली?"

"निम्मी झाली."

त्यांनी काहिलीकडे पाहिलं. मग हसले. "मग निम्मीच ऱ्हाऊ दे. पुरी म्हणलास तर मला निघायला लागंल. तुजी परीक्षा हुंदे."

दत्तूआप्पाही हसले आणि म्हणाले, की बरोबर हाय, अर्ध्या वाटंत कुणाला नेता येत न्हाई. गुळव्याने गरम गुळाचा खडा पानावर आणून दिला. अब्बांनी तो चाटला. मला त्या दुपारचं ऊन आठवतं, वाफेवर पडलेलं. सगळे हसत होते. मीही.

त्यानंतर दर रविवारी मी निम्मी यासीन म्हणायचो. तोच मळा, तीच ऊब, तेच बोट. तिसऱ्या रविवारपासून अब्बांचे ओठ माझ्याबरोबर हलू लागले. ज्या माणसाला आयुष्यात स्वतःचं नाव लिहिता आलं नाही, त्याने ऐकून ऐकून निम्मी यासीन पाठ केली. आम्हा दोघांनाही तिचा अर्थ ठाऊक नव्हता. अर्थ मी पुष्कळ वर्षांनी वाचला. तेव्हा कळलं, की त्या निम्म्या भागात मेलेली जमीन पुन्हा जिवंत होते, तिच्यातून धान्य येतं, बागा येतात, झरे फुटतात, आणि चंद्र कलेकलेने झिजत जातो. कबरींतून उठायचं ते सगळं पुढच्या निम्म्यात आहे. अब्बांच्या वाट्याला बागांची निम्मी आली होती. त्यांना हे सांगायला पाहिजे होतं.

आता जे लिहायचं आहे त्याच्यासाठी मी एवढं सगळं लिहिलं.

मी हाफिजसाहेबांकडे परत गेलो नाही. अभ्यास होता हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. मॅट्रिकला बसणारा, भूमितीचे सिद्धांत सोडवणारा मी, मनाशी असं धरून बसलो होतो, की जोवर वहीत निम्मीच यासीन आहे तोवर अब्बांना कोणी नेऊ शकत नाही. पुढचं पान कोरं होतं. त्या कोऱ्या पानाने त्यांना धरून ठेवलंय असं मला वाटायचं. बाजाराकडे जायचं झालं तर मी मशिदीचा रस्ता टाळून लांबून जाऊ लागलो. हाफिजसाहेबांनी दोनदा निरोप धाडला, त्याच अत्तर विकणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर. म्हातारा दुसऱ्यांदा आला तेव्हा थट्टा न करता म्हणाला, की ते उरलेलं लिहून घे बाबा, हाफिजसाहेब मिरजेला बहिणीकडे जाणार आहेत, थंडी सरल्यावरच येतील. मी येतो म्हणालो. गेलो नाही.

पौष सरत आला होता. एके दिवशी सकाळी आम्ही शाळेला निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात बोर्डिंगच्या दारात बैलगाडी थांबली. दत्तूआप्पा उतरले. अंगरख्यावर गुळाचे डाग वाळले होते. म्हणजे काहील तशीच सोडून आले होते. म्हणाले, "चल. पुस्तकं ऱ्हाऊ देत. ती वही घे."

 वाटेत दोन्हीकडे ऊस तोडून झालेली रानं होती, पाचट जळत होतं. मी वही छातीशी धरली होती. मशीद मागे पडली, आणि मिरज किती लांब आहे हे मला ठाऊक होतं. दत्तूआप्पांना सांगावंसं वाटलं, की आप्पा, यात निम्मीच आहे. सांगितलं नाही. बैलांना ते सारखे हाकत होते आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत बसलो.

घरात माणसं जमली होती. अम्मा पायांशी बसली होती. मला उशाशी जागा केली. अब्बांचा श्वास तातेसारखा वाजत होता, ढिल्या झालेल्या. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं. म्हणाले, "आलास. आज पुरी म्हण."

परीक्षेला अजून दोन महिने होते. त्यांना थांबायचं होतं, मला माहीत आहे. जमलं नाही म्हणून त्यांनी तसं म्हटलं.

मी वही उघडली. ती बघायची गरज नव्हती. म्हणायला सुरुवात केली. लेपावर त्यांचं बोट हलू लागलं, फार हळू, पण ठोका चुकला नाही. बाहेरच्या माणसांचं कुजबुजणं थांबलं. मी सावकाश म्हणत होतो, होता होईल तेवढं सावकाश, कारण शेवट मला दिसत होता. चंद्राची ओळ आली. ती गेली. निम्मी यासीन संपली आणि पुढे कोरं पान आलं.

खोलीत कुणालाच अरबी येत नव्हतं. मी न थांबता पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. अम्माच्या नाही, मुलाण्याच्या नाही. पण लेपावरचं बोट थांबलं. मी वर पाहिलं. अब्बा माझ्याकडे बघत होते. त्यांना ती निम्मी माझ्याइतकीच पाठ होती. मी कुठे वळलो ते त्यांना कळलं होतं. मी तिथेच थांबलो. लोकांना वाटलं, रडू आलं. अम्मा म्हणाली, म्हण बाळा.

अब्बांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"हीच म्हण," ते म्हणाले. "ही मला येती."

मी म्हणू लागलो. बोट पुन्हा हललं. एक ओळ, एक ठोका. दुसऱ्यांदा बागांपर्यंत आलो तेव्हा ठोका पडला नाही. मी पुढची ओळ म्हटली. पडला नाही. मुलाण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला थांबवलं.

त्यांना आंघोळ घातली, कफन नेसवलं. कफनाला कापूस लागतो. घरातलाच घेतला. त्या हंगामाच्या सुरुवातीला त्यांनीच पिंजून गाठोड्यात बांधून ठेवला होता, गिऱ्हाईकासाठी. इतका हलका होता की अम्माने गाठोडं सोडलं तेव्हा थोडा उडाला आणि माझ्या भुवईवर येऊन बसला. मी तो बराच वेळ काढला नाही. गावात लोक म्हणाले, पिंजाऱ्यानं नशीब काढलं, पोरानं उशाला पुरी यासीन वाचली. दत्तूआप्पा तर पुढे कितीतरी वर्षं हे कौतुकाने सांगत. मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना वाटे, पोरगं नम्र आहे.

परीक्षा दिली. पास झालो. पुढे महाराजांच्या मदतीने कॉलेज झालं, शिक्षकाची नोकरी लागली. सगळं त्यांना हवं होतं तसं झालं. पण थंडी सरून हाफिजसाहेब मिरजेहून आले तेव्हा मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहितोय. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा समजूत घालतील. चुकलो तर मनगट दाबणारा माणूस.  पण अंधारात चाचपावं तसा हात पुढे करून त्यांनी विचारलं, "वही आणलीस?"

होती. त्यांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि पुढची ओळ म्हणायला सुरुवात केली. जिथे थांबलो होतो, तिथून.

म्हणून वहीत दोन शाया आहेत. पहिली निम्मी काळ्या शाईत, उरलेली निळ्या. निळ्या भागातली अक्षरं पोरकट नाहीत, शेपट्या नाहीत. पुढे तिशीनंतर मी अरबी अक्षरंही शिकलो. आता कुराण कुराणातूनच वाचतो. इंग्रजी अक्षरांत ते पुरतं उतरत नाही हे मलाही कळतं, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी कधी तसं शिकू दिलं नाही. पण अब्बांसाठी वाचायचं तर ही वहीच लागते. त्यांची ओळख या वहीशी आहे.

एक प्रश्न मात्र या वासाबरोबर दर वर्षी येतो. त्या दिवशी जीव सुटताना त्यांना त्रास झाला का? मी पुरी शिकलो असतो तर झाला नसता का? एवढं शिकून याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. लेप आता गिरणीत भरून येतात. आमच्या गल्लीत शेवटचा पिंजारी कधी आला होता ते कुणाला आठवत नाही. मला कमानीचा आवाज हवा असला की मी ओट्यावर बोटानं ठोका देतो. बायको बघते, विचारत नाही.

काल शुक्रवार होता. मुडशिंगीला जाऊन आलो. दत्तूआप्पांच्या नातवाचं गुऱ्हाळ पेटलं होतं, त्याने गरम गूळ पानावर बांधून दिला. कबरस्तानात गवत वाळलं होतं. अब्बांच्या कबरीपाशी बसलो, चष्मा पुसला, वही उघडली. पहिली पानं उलटली. काळी शाई संपते आणि निळी सुरू होते त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि तिथून म्हणायला लागलो.

पहिली निम्मी मी तिथे म्हणत नाही. ती त्यांना येते.